पंगतीला बसण्याआधीची सुई: नटूनथटून लग्नाला जाताना इन्सुलिन कसं सांभाळायचं

पुतणीच्या लग्नात अक्षता पडल्या आणि मागून कुणीतरी हाक दिली, "पानं मांडली, चला चला!" मी लगबगीनं खोलीत गेले, इन्सुलिन घेतलं आणि बाहेर आले. बाहेर येऊन बघते तर पहिली पंगत व्याह्यांकडच्या मंडळींनी भरलेली. आम्ही मुलीकडचे, म्हणजे आधी वाढायचं, आग्रह करायचा आणि मग दुसऱ्या पंगतीला बसायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण त्या गडबडीत सुचलं नाही. चाळीसेक मिनिटांनी जिलबीचं ताट घेऊन वाढत असताना हात थरथरायला लागले, पाठीवरून घामाची धार गेली आणि समोरच्या विहीणबाई काय बोलताहेत ते कळेना. सुई घेऊन जेवण लांबलं, म्हणून रक्तातली साखर उतरली होती. धाकट्या जाऊबाईंनी माझा चेहरा पाहिला, हातातलं ताट काढून घेतलं आणि स्वयंपाकघरात नेऊन तीन चमचे साखर पाण्यात कालवून मला प्यायला लावली. त्या दोनशे माणसांत मी इन्सुलिन घेते हे फक्त त्यांना माहीत होतं.

मधुमेहासाठी मला इन्सुलिन सुरू होऊन सहा वर्षं झाली. जेवणाआधी लगेच काम करणारं एक आणि रात्री झोपताना दिवसभर पुरणारं दुसरं. घरातल्या घरात सुई घेणं महिन्याभरात अंगवळणी पडतं. खरी पंचाईत होते ती पैठणी नेसून, केसात गजरा माळून लोकांच्या घोळक्यात उभं असताना. नव्यानं इन्सुलिन सुरू झालेल्यांपैकी कितीतरी जण अशा दिवशी सुई चुकवतात, नाहीतर लग्नालाच जायचं टाळतात. दोन्हीची गरज नाही. थोडी आधीची तयारी लागते, ती क्रमानं सांगते.

एक गोष्ट मात्र आधी मनात पक्की करा. गाजावाजा न करता सुई घेणं वेगळं आणि आजार लपवणं वेगळं. पहिलं तुमच्या सोयीसाठी असतं. दुसरं जिवावर बेतू शकतं.

पायरी १: आठ-दहा दिवस आधी डॉक्टरांना विचारून ठेवा

तुमचा डोस किती, हे कुठलाही लेख सांगू शकत नाही, हाही नाही. पण डॉक्टरांकडे जाताना नेमके प्रश्न घेऊन जा.

पहिला प्रश्न: माझं इन्सुलिन जेवणाच्या किती वेळ आधी घ्यायचं? सगळी इन्सुलिनं सारखी नसतात. लिसप्रो, अस्पार्ट, ग्लुलिसिन ही झटपट काम करणारी. ती साधारण जेवणाच्या पाच ते पंधरा मिनिटं आधी घेतात. जुनं 'रेग्युलर' इन्सुलिन आणि ३०/७० चं मिश्र ह्यूमन इन्सुलिन जेवणाच्या सुमारे अर्धा तास आधी घ्यावं लागतं. ग्लार्जिन किंवा डेग्लुडेकसारखं लांब पल्ल्याचं इन्सुलिन जेवणाशी बांधलेलं नसतं. ते ठरलेल्या वेळीच घ्यायचं, लग्न असो वा नसो. आपलं कोणतं, हे इन्सुलिनच्या पेनवरचं (लिहायच्या पेनासारखं दिसणारं, सुई लावून टोचायचं साधन) किंवा बाटलीवरचं नाव वाचून आजच पक्कं करा.

दुसरा प्रश्न: जेवण कधी मिळेल याचा भरवसा नसेल तर पहिला घास घेताना किंवा जेवण संपल्याबरोबर घेतलं तर चालेल का? झटपट इन्सुलिनच्या बाबतीत डॉक्टर बऱ्याचदा ही मुभा देतात. ती आधी विचारून घेतलेली असली की पंगतीत जीव टांगणीला लागत नाही.

तिसरा प्रश्न उपवासाचा. अनेक घरांत कन्यादान होईपर्यंत वधूचे आईवडील काही खात नाहीत. मुहूर्त दुपारचा असेल तर सकाळपासून पोट रिकामं राहतं. अशा दिवशी सकाळचं मिश्र इन्सुलिन नेहमीइतकंच घेतलं तर शुगर घसरणार. आणि स्वतःच्या मनानं सगळंच बंद केलं तर ती वर जाणार, टाइप १ मधुमेह (ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) असलेल्यांच्या बाबतीत तर ते फार धोक्याचं. म्हणून हा दिवस डॉक्टरांसमोर तासातासानं मांडा. माझं स्वतःचं मत विचाराल तर इन्सुलिनवर असलेल्या आईनं किंवा बापानं हा उपवास करू नये. गुरुजींना आधी सांगितलं तर ते दूध किंवा फळ घ्यायला सांगतात, असाच माझा अनुभव आहे.

पायरी २: सुई कुठे घ्यायची ते आधी ठरवा, मग कपडे

आपण करतो याच्या उलट. साडी ठरते, पोलकं शिवून येतं, दागिने ठरतात, आणि कार्यालयात पोचल्यावर कळतं की पोटापर्यंत हातच पोचत नाही.

इन्सुलिन घेण्याच्या जागा चार: पोट, मांडीची वरची बाहेरची बाजू, दंडाची मागची बाजू आणि नितंब. पोटातून ते सगळ्यात लवकर शोषलं जातं. समारंभासाठी पोटच सोयीचं. बेंबीच्या चारी बाजूंनी दोन बोटं जागा सोडायची, आणि जिथे रोज टोचून गाठ किंवा घट्टपणा आलाय ती जागाही सोडायची. गाठीत घेतलेलं इन्सुलिन कधी उशिरा तर कधी एकदम काम करतं.

सहावारी साडी हा या कामासाठी सगळ्यात सोयीचा पोशाख आहे. पदर उजव्या कमरेवरून डाव्या खांद्यावर जातो, त्यामुळे पदराखाली डाव्या बाजूला पोलकं आणि निऱ्यांच्या मधली पट्टी मोकळी असते. उजवा हात पदराआडून सहज तिथे पोचतो आणि समोरच्याला वाटतं की बाई पदर सारखा करताहेत. फक्त दोन गोष्टी बघा. पदराला खांद्यावर पिन लावताना पोटापाशी थोडी ढील ठेवा, आणि परकराची नाडी जिथे रुतते तो पट्टा टाळा. उलट्या पदराची, म्हणजे गुजराती पद्धतीची साडी असेल तर बाजू बदलते. ते घरी आरशासमोर एकदा करून बघा.

नऊवारीत काष्ट्यामुळे मांडी हाताला लागत नाही. खणाच्या चोळीच्या बाह्या दंडाला इतक्या घट्ट असतात की दंडही गेला. उरतं पोटच. मधे ओच्याचा जाड थर असतो, म्हणून ओच्याच्या वर, कडेला जागा शोधायची. कमरपट्टा घालणार असाल तर तो नेमका त्याच जागेवर बसतो. तो जेवणानंतर फोटोंच्या वेळी घाला, किंवा जरा खाली, सैलसर बसवा.

घोळदार अनारकली किंवा गाऊन सगळ्यात अडचणीचा, कारण अख्खा एकसंध. शिवायलाच टाकत असाल तर डाव्या शिवणीत सहा इंचांची लपलेली चेन लावून घ्या. आमच्या ओळखीच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी माझ्या भाचीच्या साखरपुड्याच्या ड्रेसला ती अशी लावली की हात लावल्याशिवाय कळत नाही. तयार कपडा असेल तर खाली सैल सलवार घाला, घट्ट लेगिंग नको, आणि सुई खोलीत जाऊन घ्या.

पुरुषांचं काम तुलनेनं सोपं. सदरा-लेंगा किंवा झब्बा असेल तर बाजूनं उचलला की झालं. शेरवानीची खालची दोन-तीन बटणं उघडावी लागतात. ती काजाबटणांची आहेत की नुसत्या शोभेच्या बटणांमागे चेन आहे, हे भाड्यानं आणतानाच बघा. सुटात शर्ट खोचलेला असतो. पट्ट्याच्या वरचं एक बटण उघडून हात आत जातो, पण आत खोचलेलं बनियन आड येतं, म्हणून ते त्या दिवशी न खोचता घाला. शिंप्याकडून शेरवानीच्या किंवा कोटाच्या आत चोरखिसा शिवून घेतलात तर उत्तम. पेन टोपणासकट सोळा-सतरा सेंटिमीटरचं असतं, त्या मापानं. पँटच्या खिशात पेन नको, तिथे अंगाची ऊब लागते आणि बसताना दाब येतो.

वरात असेल आणि तुम्ही नाचणार असाल तर त्याआधीची सुई मांडीत घेऊ नका. हलत्या पायातून इन्सुलिन लवकर शोषलं जातं.

आता कपड्यांवरूनच टोचण्याबद्दल. बरेच जुनेजाणते लोक अडीअडचणीला शर्टावरून सुई घेतात. मला ते पटत नाही. जागा दिसत नाही, सुई पूर्ण आत गेली की नाही ते कळत नाही. आजकालच्या चार मिलिमीटरच्या सुईला जरीचा पदर आणि अस्तर यांतच बरीचशी लांबी खर्ची पडते. शिवाय रक्ताचा एक थेंब आला की रेशमावर डाग. सवय करू नका.

पायरी ३: बटवा भरा

आदल्या रात्रीच भरा, सकाळी सुचत नाही. पेन, दोन नव्या सुया, शुगर तपासायचं मीटर, त्याच्या पाच-सहा पट्ट्या, बोट टोचायची लॅन्सेट, कोरडा कापूस, ग्लुकोजची पुडी, चार बिस्किटं. आणि मीटरच्या पट्ट्या ज्या डबीत येतात ती रिकामी डबी. ती जाड प्लॅस्टिकची आणि घट्ट झाकणाची असते, वापरलेल्या सुईसाठी त्याहून चांगलं काही नाही. एका चिठ्ठीवर नाव, "मधुमेह, इन्सुलिन घेते" आणि घरच्यांचा नंबर. हे सगळं हातात मावेल एवढ्या खणाच्या बटव्यात बसतं.

बाटली आणि सिरिंज वापरणाऱ्यांनी एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघायची. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधलं इन्सुलिन १०० युनिटचं असतं, आणि १०० च्या सिरिंजला केशरी टोपण असतं. पेन बिघडलं म्हणून लाल टोपणाच्या सिरिंजनं त्यातलं इन्सुलिन काढलं तर तुम्ही अडीचपट डोस घेता. असं कधीही करू नका. लग्नासारख्या दिवसांपुरतं पेन मिळेल का, हे डॉक्टरांना विचारून बघा. १९८५ मध्ये पहिलं इन्सुलिन पेन आलं त्याआधी समारंभात बाटली, सिरिंज आणि स्पिरिटचा बोळा असा सगळा पसारा मांडावा लागे. माझ्या आत्यानं त्या काळात कितीतरी लग्नं निव्वळ त्या पसाऱ्यापायी टाळली.

उन्हाचं सांगायला हवं, कारण आपली लग्नं एप्रिल-मे मध्ये. वापरात असलेलं पेन साधारणपणे ३० अंशांच्या आतल्या तापमानात सुमारे चार आठवडे चालतं. नेमके दिवस त्यासोबतच्या कागदावर असतात. पण उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते अर्धा तासही ठेवू नका. डॅशबोर्डवर नको, डिकीतही नको. पाण्यात भिजवून वापरायची थंड पिशवी मिळते. त्यातले दाणे फुगतात आणि पाणी उडून जाताना आतलं गार ठेवतात, माठासारखंच. नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या उन्हात ती छान चालते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पाणी नीट उडत नाही, तिथे तिच्यावर फार विसंबू नका. बर्फाला थेट टेकवून तर कधीच ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

पायरी ४: एका माणसाला सांगा

एकाला तरी. नवरा किंवा बायको असतीलच असं नाही, लग्नघरात ते नेमके दुसऱ्या कामात असतात. जाऊ, भाऊ, मैत्रीण, जो दिवसभर तुमच्या आसपास असेल असा कुणीही. त्यांना तीन वाक्यं सांगायची: मी जेवणाआधी इन्सुलिन घेते. मी घामाघूम झाले, थरथरले किंवा असंबद्ध बोलू लागले तर मला साखर द्या. ग्लुकोज या बटव्यात आहे. मी दुसऱ्या पेनची जोडी आणि ग्लुकोजची आणखी एक पुडी जाऊबाईंच्या पर्समध्ये ठेवते, माझा बटवा कुठे विसरला तरी अडत नाही.

पायरी ५: कार्यालयात पोचलात की जागा हेरा

बहुतेक मंगल कार्यालयांत दोन्ही पक्षांना एकेक खोली मिळते. किल्ली कुणाकडे आहे ते विचारून ठेवा. तिथला कोपरा प्रसाधनगृहापेक्षा कधीही चांगला. प्रसाधनगृहात जमीन ओली, पेन ठेवायला फळी नाही आणि बाहेर रांग. सुई खाली पडली की संपलं.

मग स्वयंपाकघराकडे एक फेरी मारा. तिथल्या मुख्य आचाऱ्याशी किंवा वाढप्यांच्या मुकादमाशी दोन शब्द बोला: "दादा, मला औषध घेऊन लगेच जेवावं लागतं. पहिल्या पंगतीत एक पान माझं धरा." या एका वाक्यानं माझी कितीतरी लग्नं सोपी केली. कुणी कसलं औषध म्हणून विचारत नाही.

पायरी ६: वेळ साधा

सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पत्रिकेतली वेळ, मुहूर्त, "पानं मांडली"ची हाक, यांपैकी कशावरही सुई घेऊ नका. सुई घ्यायची ती स्वतःच्या समोर आलेल्या अन्नावर.

पंगतीत वाढण्याचा क्रम ठरलेला असतो आणि तो आपल्या कामाला येतो. आधी मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. मग भाज्या, मग पुऱ्या, मग वरण-भात आणि त्यावर तूप. त्यानंतर श्लोक, आणि मग पहिला घास. पानावर मीठ पडल्यापासून हात जेवणाला लागेपर्यंत मोठ्या पंगतीत दहा-बारा मिनिटं सहज जातात. झटपट इन्सुलिनला एवढाच अवधी हवा असतो. म्हणून माझा नियम: माझ्या पानावर मीठ वाढलं की सुई. त्याआधी नाही. उठून खोलीत जायचं असेल तर शेजारच्या माणसाला पान सांभाळायला सांगून जा. साडी असेल तर बसल्या जागी पदराआड घेतली तरी चालते.

अर्ध्या तासाचं इन्सुलिन असेल तर पंगतीचा अंदाज बांधणं कठीण. तेव्हा आचाऱ्याला विचारून पानं नक्की कधी बसणार ते कळल्यावरच घ्या आणि बिस्किटं हाताशी ठेवा. किंवा खोलीत स्वतःचं ताट आधी मागवून निवांत जेवा आणि मग पंगतीत वाढायला जा. वाढणारीची भूमिका मला आवडतेच.

बुफे असेल तर गाडी तुमच्या हातात. रांगेत उभं राहून ताट भरा, खुर्चीवर बसा, ताट मांडीवर किंवा टेबलावर ठेवा, सुई घ्या, जेवा. ताट भरण्याआधी नाही. रिसेप्शनला आणखी एक सापळा असतो: नवरानवरीला भेटायची रांग. "आधी भेटून येऊ, मग जेवू" म्हणत सुई घेतलीत आणि स्टेजसमोर पाऊण तास अडकलात, तर माझ्यासारखं होईल.

आणि तरीही घोटाळा झालाच, म्हणजे सुई घेतली आणि जेवण लांबलं, तर भीड बाजूला ठेवा. स्वयंपाकघरात जा आणि वाटीभर भात मागा, केळं मागा, बटव्यातली बिस्किटं खा. विहीण पंगत अजून बसायचीय, लोक काय म्हणतील, हा विचार त्या क्षणी करायचा नाही.

पायरी ७: ती दोन मिनिटं

आधी शुगर तपासायची, त्यासाठी हात धुवा. नुसते पुसू नका. पेढ्याचा कण किंवा पाकाचा ओशटपणा बोटाला असला तर मीटर शुगर भलतीच जास्त दाखवतं आणि तुम्ही नसलेल्या शुगरवर डोस घेता. बोटाच्या टोकावर न टोचता कडेला टोचा, म्हणजे जेवताना भात कालवताना चुरचुरत नाही. शुगर ७० च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली आली असेल तर आधी ती वर आणा, सुई नंतर.

दंडाला सतत शुगर मोजणारा सेन्सर लावला असेल तर पोलक्याची बाही त्याच्यावरून ओढताना आणि वाकी चढवताना जपा, निघून येतो. सेन्सर रक्तातली नाही, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून तो काही मिनिटं मागे असतो. अंगाला घाम फुटलाय आणि सेन्सर सगळं ठीक म्हणतोय, असं झालं तर बोटाला टोचून बघा.

मग पेन. मिश्र, दुधाळ इन्सुलिन असेल तर तळहातांत दहा वेळा घोळवा आणि दहा वेळा वरखाली करा, सगळं एकसारखं पांढरं दिसेपर्यंत. पारदर्शक इन्सुलिनला हे लागत नाही. सुई आयत्या वेळी लावा. घरूनच लावून आणलीत तर गळते, हवा शिरते. दोन युनिट फिरवून सुई वर धरून एकदा दाबा, टोकावर थेंब दिसला पाहिजे. हा थेंब कापसावर घ्या. इन्सुलिनला औषधाचा उग्र वास असतो आणि रेशमावर पडला तर तो दिवसभर नाकात राहतो. मग आपला डोस फिरवा. मांडवातल्या मंद प्रकाशात आकडे नीट दिसत नाहीत, मोबाइलचा दिवा लावा, लाजू नका.

डाव्या हातानं पदर थोडा उचला, सुई सरळ आत, बटण शेवटपर्यंत दाबा आणि मनात दहा आकडे मोजा. इथेच घाई होते. कुणी हाक मारली म्हणून चारलाच सुई काढली तर टोकाशी थेंब राहतो, तेवढं इन्सुलिन बाहेरच गेलं. दहा झाले की काढा. चोळू नका. रक्ताचा ठिपका दिसला तर कापूस दाबून धरा आणि तो थांबल्यावरच पदर खाली सोडा. सुईला तिचं मोठं टोपण लावून, पिळून काढा आणि डबीत टाका. पेनला टोपण, बटव्याला दोरी. माझी जाऊबाई दाराशी उभी असते. "झालं का, वहिनी?" "झालं गं, चल." एवढंच.

पायरी ८: जेवताना

डोस घेताना जेवढं धरलं होतं तेवढंच जेवायचं. भात एकदा, दोन पुऱ्या, एक जिलबी, असं जे ठरलं असेल ते. कमी झालं तरी घोटाळा, म्हणून गप्पांच्या नादात अर्धं पान टाकून उठू नका. आग्रहाला उत्तर म्हणून पानावर आडवा हात धरणं पुरतं, कारण सांगत बसायची गरज नाही. जास्तीची जिलबी खाल्लीच गेली तर लगेच आणखी सुई घेऊ नका. झटपट इन्सुलिन तीन ते पाच तास अंगात काम करत असतं. एकावर एक सुया चढल्या की संध्याकाळी सगळ्या एकदम हिशेब मागतात. रिसेप्शनला मद्य असेल तर ते रिकाम्या पोटी नको. त्यानं शुगर काही तासांनी, अगदी मध्यरात्रीही घसरू शकते.

पायरी ९: शुगर उतरली तर

घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, ओठांभोवती मुंग्या, डोळ्यांसमोर धूसर. तपासायला वेळ नसेल तर तपासू नका, साखर घ्या. पंधरा ग्रॅम, म्हणजे ग्लुकोजचे किंवा साखरेचे तीन छोटे चमचे पाण्यात, किंवा लहान ग्लासभर फळांचा रस. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. समोर जिलबी असली तरी या कामाला ती नको, पेढा आणि चॉकलेटही नको. तूप आणि स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. वर आल्यावर जेवण लांब असेल तर दोन बिस्किटं खा.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीही नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. हे त्या एका माणसाला आधीच सांगून ठेवा, कारण तेव्हा तुम्ही सांगू शकणार नाही.

पायरी १०: घरी परतताना

सुईची डबी कार्यालयाच्या कचऱ्यात टाकू नका. पत्रावळी गोळा करणाऱ्या बायका हातानं तो कचरा उपसतात. डबी घरी आणा. ती भरली की झाकण चिकटपट्टीनं बंद करून दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात विचारून द्या.

जेवणानंतर दोन तासांनी एकदा आणि झोपण्याआधी एकदा शुगर बघा, आणि आकड्यांसोबत काय खाल्लं, सुई किती वाजता घेतली, पान किती वाजता आलं ते वहीत लिहा. पुढच्या लग्नाच्या वेळी डॉक्टरांसमोर ती वहीच उघडायची. मग पैठणी वाऱ्यावर टाका, बटव्यातून पेन काढा आणि रात्रीचं इन्सुलिन नेहमीच्या वेळी घ्या.